वाचकांचे प्रश्न : वर फ्रीझर असलेला फ्रीज निवडताना

उन्हाळा जवळ आला की या सदराकडे फ्रीजविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रे दोन दारांच्या, म्हणजे वर स्वतंत्र फ्रीझर आणि खाली मुख्य कप्पा असलेल्या फ्रीजविषयी आहेत. त्यांतील पाच निवडून, पुनरावृत्ती टाळण्यासाठी थोडी संक्षिप्त करून, येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी आम्ही दोघे, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे सहा जण आहोत. सतरा वर्षे वापरलेला एका दाराचा फ्रीज आता थकला आहे. दुकानदाराने दोनशे चाळीसपासून साडेतीनशे लिटरपर्यंतचे डबल डोअर फ्रीज दाखवले आणि फ्रीझर खाली असलेलाही एक दाखवला. स्वयंपाकघर आठ फूट बाय सात फूट आहे आणि माझे गुडघे दुखतात. किती लिटरचा घ्यावा आणि फ्रीझर वर असावा की खाली? — एक गृहिणी, चिंचवड

उत्तर : आपल्या गुडघ्यांपासूनच सुरुवात करते, कारण लिटरचा हिशेब नंतरही करता येईल. दुकानात पुन्हा जाण्यापूर्वी दोन दिवस एक कागद जुन्या फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवावा आणि कोणती वस्तू किती वेळा काढली जाते याच्या खुणा घरातील प्रत्येकाने त्यावर कराव्यात. दूध, दही, साय, मळलेली कणीक, मिरची-कोथिंबीर आणि सकाळची उरलेली आमटी यांसाठी मुख्य कप्पा दिवसभर उघडला जातो, फ्रीझर मात्र बर्फासाठी किंवा मटारांसाठी दोन-तीनदाच लागतो, असे बहुतेक घरांत आढळेल. फ्रीझर वर असला की हा क्वचित लागणारा कप्पा उभ्या माणसाच्या हाताशी येतो आणि रोज लागणारी भाजी मात्र तळाच्या खणात, जमिनीपासून वीतभर उंचीवर जाते. या रचनेतील ही खरी उणीव आहे आणि विक्रेते तिच्याबद्दल सहसा बोलत नाहीत.

तरीही आपल्यासाठी मी वर फ्रीझर असलेलाच सुचवीन. फ्रीझर खाली असलेल्या फ्रीजची किंमत त्याच आकारमानासाठी सहसा बरीच जास्त असते, त्यांत निवडीलाही कमी वाव असतो, आणि घरात स्वयंपाकाला दुसरे हात आहेत हे आपल्या पत्रावरून दिसते. फ्रीज चार-पाच इंच उंचीच्या भक्कम स्टँडवर ठेवावा, म्हणजे भाजीचा खण तेवढा वर येईल. निवडलेली पालेभाजी, चिरलेली भाजी आणि मोड आलेली कडधान्ये झाकणाच्या डब्यांतून मधल्या फळीवर ठेवावीत, आणि तळाच्या खणात दोन-तीन दिवसांतून एकदाच काढावे लागेल असे काही, म्हणजे कोबी, गाजरे, बीट, लिंबे, ठेवावे. मात्र दिवसभर घरात आपण एकट्याच असाल आणि खाली वाकणे डॉक्टरांनीच वर्ज्य केले असेल, तर जास्तीचे पैसे मोजून फ्रीझर खाली असलेला घेणे हाच योग्य खर्च ठरेल.

आता लिटरविषयी. पूर्वी पेटीवर एकूण आकारमान छापलेले असे, ज्यात फळ्या, खण आणि हवेचे मार्ग यांनी व्यापलेली जागाही धरलेली असे. २०२३ पासून लेबलवर प्रत्यक्ष वापरता येणारे, म्हणजे निव्वळ आकारमान दाखवावे लागते, आणि त्यामुळे तोच फ्रीज पंधरा-वीस लिटरने लहान झाल्यासारखा दिसतो. जुन्या फ्रीजशी किंवा शेजाऱ्यांच्या फ्रीजशी तुलना करताना दोन्ही आकडे एकाच प्रकारचे आहेत ना, हे पाहावे. दुसरे म्हणजे या आकड्यातील साधारण पंचमांश ते चतुर्थांश भाग फ्रीझरचा असतो. अडीचशे लिटरच्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्याला दोनशे लिटर किंवा त्याहूनही कमी जागा उरते, आणि सहा माणसांच्या घरात सणावाराला ती अपुरी पडते. आपल्याला निव्वळ तीनशे लिटरच्या आसपासचा फ्रीज पुरेल. साडेतीनशेचा घेतल्यास तो आठ फुटांच्या स्वयंपाकघरात पुढे येईल आणि ओट्याजवळून जाता-येता दाराला धक्के लागतील.

लिटरच्या आकड्यापेक्षाही मला पातेल्याची परीक्षा अधिक भरवशाची वाटते. आपल्या घरी इडलीचे पीठ ज्या पातेल्यात आंबते, दूध ज्या पातेल्यात तापते आणि श्रीखंडाचा चक्का ज्या डब्यात राहतो, त्यांची उंची व रुंदी टेपने मोजून तो कागद दुकानात न्यावा आणि दोन फळ्यांमधील अंतर तेथेच मोजावे. काही फ्रीजमध्ये फळी वर-खाली सरकवण्याच्या जागा दोनच असतात आणि त्या दोन्ही आपल्या पातेल्याला गैरसोयीच्या निघतात. दारातील सर्वांत खालच्या कप्प्यात दोन लिटरची बाटली उभी राहते का, तेही पाहावे. फ्रीझरमध्ये बर्फाचा साचा आडोशाला बसवून बाकीची जागा सलग मोकळी राहत असेल तर उत्तम, कारण पुरणाचे डबे आणि अळूवडीचे वाफवलेले उंडे रचायला तीच जागा लागते.

घरातील मापे घेताना तीन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली म्हणजे फ्रीज ज्या दारातून आणि जिन्यावरून आत यायचा त्यांची रुंदी. दुसरी म्हणजे बाजूंची मोकळी जागा. हल्लीच्या अनेक फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या मागे उघड्या जाळीसारख्या नसून दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत दडवलेल्या असतात, म्हणूनच बाजूला हात लावल्यास गरम लागते. असा फ्रीज भिंत आणि कपाट यांच्यामध्ये घट्ट बसवला की उष्णता कोंडते, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि विजेचे बिल वाढते. माहितीपुस्तिकेत किती इंच जागा सोडायला सांगितली आहे ते घेण्यापूर्वीच विचारावे, आणि वरून बाजूंवर लोंबणारे झालरीचे आवरण घालण्याचा मोह टाळावा. तिसरी गोष्ट दाराची. ते सहसा उजवीकडे बिजागऱ्या असलेले येते आणि अनेक फ्रीजमध्ये ती बाजू बदलता येत नाही. फ्रीजच्या उजवीकडे भिंत लागूनच असेल तर दार काटकोनापलीकडे उघडत नाही आणि भाजीचा खण पूर्ण बाहेर येत नाही. आपल्या स्वयंपाकघराचा कच्चा नकाशा काढून, त्यावर दार उघडण्याचा अर्धगोल पेन्सिलीने रेखून पाहिल्यास हे घरबसल्या कळेल.

हमीपत्रही दुकानातच वाचावे. जाहिरातीतील दहा वर्षांची हमी बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते. बाकीच्या भागांची हमी बहुतेक वेळा वर्षभराचीच असते, आणि गॅस भरणे, मजुरी व कॉम्प्रेसर चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, ज्याला मेकॅनिक पीसीबी म्हणतात, यांचा त्या दहा वर्षांत समावेश आहे का, ते स्पष्ट विचारून बिलावर लिहून घ्यावे.

प्रश्न : दोन स्टारचा फ्रीज आणि तीन स्टारचा फ्रीज यांच्या किमतींत तीन हजारांचा फरक आहे. तो भरून निघतो का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : स्टार मोजण्याऐवजी लेबलवर लिहिलेली वर्षाची युनिटे वाचावीत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ साली ही लेबले सुरू केली आणि फ्रॉस्ट फ्री, म्हणजे आत साचणारा बर्फ आपोआप वितळवणाऱ्या, फ्रीजवर ती २०१० पासून सक्तीची आहेत. स्टार फ्रीजच्या आकारमानाच्या तुलनेत दिले जातात, त्यामुळे तीन स्टारचा मोठा फ्रीज दोन स्टारच्या लहान फ्रीजपेक्षा अधिक वीज घेऊ शकतो. शिवाय निकष काही वर्षांनी कडक केले जातात, म्हणून लेबल कोणत्या वर्षाचे आहे तेही पाहावे. गोदामात पडून राहिलेल्या जुन्या फ्रीजचे तीन स्टार आणि नव्या फ्रीजचे तीन स्टार यांना एका मापाने मोजता येत नाही.

समजा, एका फ्रीजच्या लेबलवर २४० युनिटे आहेत आणि दुसऱ्याच्या लेबलवर २००. वर्षाला चाळीस युनिटे वाचतील. यात अनेकांच्या लक्षात न येणारा मुद्दा असा की महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : शंभर युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. फ्रीजमुळे वाचलेली युनिटे आपल्या बिलातील सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात. म्हणून सरासरी दराने हिशेब न करता, आपल्या बिलावरील शेवटच्या टप्प्याचा दर वहन आकारासह, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्यासाठी दर युनिटमागे लागणाऱ्या आकारासह, धरावा. तो दर समजा बारा रुपये असेल तर वर्षाला ४८० रुपये वाचतील आणि तीन हजारांचा फरक सव्वासहा वर्षांत फिटेल. फ्रीज दहा-बारा वर्षे सहज चालतो हे लक्षात घेता आपण तीन स्टारचा घ्यावा. मात्र ज्या घराचा महिन्याचा वापर कायम शंभर युनिटांच्या आतच असतो, तेथे हाच हिशेब उलटतो आणि दोन स्टारचा फ्रीज घेण्यात काहीच गैर नाही.

प्रश्न : आम्ही दापोली तालुक्यात राहतो. मासेमारी बंद होण्यापूर्वी हर्णैहून आणलेले मासे आणि मे महिन्यातला आमरस साठवण्यासाठी मोठा फ्रीझर हवा आहे. पण पावसाळ्यात वीज जाते आणि दाबही कमी-जास्त होतो. इन्व्हर्टर फ्रीज घेतला तर वीज गेल्यावरही चालेल का? — एक वाचक, दापोली

उत्तर : फ्रीजच्या दारावरील ‘इन्व्हर्टर’ हा शब्द आणि घरात बॅटरीला जोडलेला इन्व्हर्टर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि या एका शब्दामुळे अनेक घरांची फसगत झालेली मी पाहिली आहे. साधा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो आणि थंडावा पुरेसा झाला की बंद पडतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गरजेनुसार आपला वेग कमी-अधिक करतो, त्यामुळे वीज कमी लागते, आवाज कमी होतो आणि आतील तापमान फारसे हलत नाही. वीज गेल्यावर तोही बंदच पडतो. त्याचा एक फायदा मात्र आपल्याला होईल : सुरू होताना साधा कॉम्प्रेसर क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढतो, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, म्हणून घरातील बॅटरीवर तो चालवणे तुलनेने सोपे जाते. तरीही बॅटरीचा इन्व्हर्टर किती भार पेलू शकतो हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, कारण फ्रॉस्ट फ्री फ्रीजमधील बर्फ वितळवणारा हीटर चालू होतो तेव्हा भार अचानक वाढतो.

‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असे लिहिलेले असल्यास त्यापुढे किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत, तेही लिहिलेले असते. आपल्या घरी संध्याकाळी सातच्या सुमारास, जेव्हा दाब सर्वांत कमी असतो, तेव्हा मोजून तो आकडा त्या मर्यादेत बसतो का, ते पाहावे. बसत नसेल तर स्टॅबिलायझर घ्यावाच. नुसते चढउतार सोसण्याची सोय आणि विजेच्या कडकडाटापासूनचे संरक्षण या दोन गोष्टीही वेगळ्या आहेत, म्हणून वादळ सुरू झाले की प्लग काढणेच चांगले.

आपल्या मूळ गरजेबद्दल मात्र मला स्पष्ट लिहिले पाहिजे. वर फ्रीझर असलेल्या तीनशे लिटरच्या फ्रीजमध्ये फ्रीझरला साधारण साठ ते पंच्याहत्तर लिटर जागा मिळते. त्यात आठवड्याभराचे मासे आणि आमरसाचे काही डबे नीट राहतील, दोन महिन्यांची बेगमी राहणार नाही. शिवाय फ्रॉस्ट फ्री फ्रीझरमध्ये खेळती हवा कोरडी असते आणि ठरावीक काळाने बर्फ वितळवताना तापमान किंचित वर-खाली होते. उघडे किंवा सैल बांधलेले मासे त्यात सुकून पांढरट पडतात. कोळंबी डब्यात पाणी घालून त्या पाण्यासकट गोठवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत यासाठीच योग्य आहे, कारण बर्फाचा थर तिला हवेपासून वाचवतो. बांगड्यासारखे तेलकट मासे गोठवूनही लवकर खवट होतात, ते आधी संपवावेत. साठवण खरोखरच मोठी असेल तर मध्यम आकाराचा डबल डोअर आणि स्वतंत्र लहान डीप फ्रीझर ही जोडी एका मोठ्या फ्रीजपेक्षा उपयोगी पडेल, आणि मासे संपल्यावर डीप फ्रीझर बंदही ठेवता येईल.

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्या भागात वीज किती दिवस नव्हती हे आपण अनुभवले आहेच, आणि तशा प्रसंगी कोणताच फ्रीज उपयोगाचा नसतो. तास-दोन तासांच्या खंडितपणात मात्र दार बंद ठेवणे पुरेसे असते : खालचा कप्पा साधारण चार तास थंड राहतो आणि गच्च भरलेला फ्रीझर त्याहून बराच अधिक काळ तग धरतो. फ्रीझरमध्ये जागा रिकामी असेल तर पाण्याच्या बाटल्या, वर चार बोटे जागा सोडून, गोठवून ठेवाव्यात.

प्रश्न : गेल्या वर्षी घेतलेल्या डबल डोअर फ्रीजमध्ये बर्फ उत्तम होतो, पण खाली दूध पुरेसे गार राहत नाही आणि मेथी-कोथिंबीर दोन दिवसांत सुकते. आमची निवड चुकली का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : निवड चुकली असे म्हणण्याची घाई करू नये. या प्रकारच्या बहुतेक फ्रीजमध्ये थंडी एकाच ठिकाणी, फ्रीझरच्या मागच्या भिंतीआड असलेल्या कूलिंग कॉइलवर तयार होते. तेथील पंखा थंड हवा आधी फ्रीझरमध्ये फिरवतो आणि तिचा काही भाग मागच्या मार्गाने खाली सोडतो. वीज येण्यापूर्वीच्या लाकडी बर्फपेट्यांतही बर्फाची लादी वरच्या कप्प्यातच ठेवत, कारण थंड हवा जड असल्यामुळे खाली उतरते. त्याच तत्त्वाला आता पंख्याची जोड आहे. म्हणजे खालच्या कप्प्याला वरून उरेल तेवढेच मिळते.

आता दोन जागा तपासाव्यात. खालच्या कप्प्यात वरच्या फळीच्या मागे हवेच्या खिडक्या असतात. त्यांना टेकून मोठे पातेले किंवा डबा ठेवला असेल तर तो चार बोटे पुढे ओढावा. दुसरी जागा म्हणजे नियंत्रणाची खुंटी. अनेक फ्रीजमध्ये अशा दोन खुंट्या असतात, आणि फ्रीझरमधली खुंटी बहुधा हवेची वाटणी ठरवते. बर्फ लवकर व्हावा म्हणून ती पूर्ण फिरवली की जास्तीत जास्त हवा वरच अडते आणि खाली दूध कोमट राहते. ती मधल्या खुणेवर आणून एक दिवस थांबावे. मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर रात्रभर ठेवून सकाळी पाहावे : चार-पाच अंश सेल्सिअस असल्यास ठीक. फ्रीझरसाठी उणे अठरा अंश हे माप धरतात. एवढे करूनही फरक पडला नाही तर दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहावी. ती अलगद निसटली तर तेथून हवा गळते आहे. रबर घट्ट असेल तर मात्र हमीच्या काळातच मेकॅनिकला बोलवावे, कारण कॉइलवर बर्फ साचून हवेचा मार्ग बुजला असण्याची शक्यता उरते, आणि ते काम घरी करण्यासारखे नाही.

पालेभाजी सुकण्याचे कारणही तीच कॉइल आहे. हवेतील ओलावा तिच्यावर बर्फ होऊन बसतो, हीटरने वितळतो आणि नळीने मागच्या ताटलीत उतरून कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातो. आपल्याला बर्फ खरवडावा लागत नाही त्याची ही किंमत आहे. कोथिंबीर निवडून, कोरडी करून, सुती कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवल्यास आठवडाभर टिकते. दोन्ही कप्प्यांना स्वतंत्र कॉइल असलेले फ्रीजही मिळतात आणि त्यांत भाजी कमी सुकते, माशांचा वासही दुधाला लागत नाही, पण वर्षभर वापरलेला चांगला फ्रीज त्यासाठी बदलू नये.

प्रश्न : नवा फ्रीज टेम्पोतून आडवा आणला गेला. लगेच सुरू केला तर चालेल का? जुना फ्रीज भंगारात द्यावा का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : लगेच सुरू करू नये. आडव्या स्थितीत कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत शिरलेले असते, ते परत उतरण्यासाठी फ्रीज एक दिवस उभा ठेवून मगच वीज जोडावी. उभा आणला असता तर तीन-चार तास पुरले असते. ठेवताना पुढचे पाय किंचित उंच करावेत, म्हणजे दार आपोआप मिटेल, आणि पहिले काही तास रिकामाच चालवावा.

जुना फ्रीज रस्त्यावरील भंगारवाल्याला देऊ नये. तो नळ्या तोडून तांबे काढतो आणि आतील वायू हवेत सोडतो. सतरा-अठरा वर्षांपूर्वीच्या फ्रीजमध्ये बहुधा आर-१३४ए हा वायू असतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवतो. नव्या फ्रीजमधील आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, या बाबतीत फार सौम्य आहे, पण तो ज्वलनशील असल्यामुळे त्याची दुरुस्ती प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावी. जुना फ्रीज अदलाबदलीत दुकानदाराला किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला देऊन पावती घ्यावी. तो नेला जाईपर्यंत घरात लहान मुले असतील तर त्याचे दार काढून ठेवावे, कारण जुन्या, बंद पडलेल्या फ्रीजमध्ये खेळता खेळता मूल आत अडकण्याचा धोका असतो.